श्रीलंकेहून आल्यापासून सगळे हेच विचारतात

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं श्रीलंकेत अकरा दिवस हिंडून आलो: मी, नवरा, बारावी संपवून मोकळी झालेली लेक आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. आल्यापासून लिफ्टमध्ये, भिशीला, दिवाळीच्या फराळाला तेच ते प्रश्न येताहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. समुद्रकिनारा आणि खरेदी यांबद्दल इथे फारसं काही मिळणार नाही. आम्ही डोंगर, झाडं आणि जनावरं बघायला गेलो होतो.

श्रीलंकाच का? तेवढ्यात थायलंड झालं असतं.

झालं असतं. पण मुंबईहून कोलंबोला विमान जेमतेम अडीच तासांत पोचतं आणि घड्याळाचे काटेही फिरवावे लागत नाहीत, दोन्हीकडची वेळ एकच आहे. सगळा देश ६५,६१० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा. तेवढ्यात काटेरी झुडपांचं कोरडं रान, सदाहरित जंगल, दोन हजार मीटरवरची गवताळ पठारं आणि देवमाशांचा समुद्र असं सगळं मावलंय. सकाळी हत्ती बघून रात्री स्वेटर घालून झोपता येतं.

कधी जावं?

इथे आपलं सुट्ट्यांचं गणित फसतं. लंकेला दोन पावसाळे आहेत. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा पाऊस दक्षिण-पश्चिम बाजू आणि डोंगरांचे पश्चिम उतार भिजवतो, तेव्हा उत्तर आणि पूर्व कोरडी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस उत्तरेला आणि पूर्वेला पडतो, तेव्हा हे उलटं होतं. म्हणजे देशाचा कुठला ना कुठला भाग नेहमीच बघण्याजोगा असतो, पण सगळा एकदम कधीच नाही. आधी काय बघायचंय ते ठरवा आणि मग तिकीट काढा.

मे महिन्याची सुट्टी दक्षिणेसाठी वाईट. दिवाळीत दुपारनंतर ढग गडगडतात आणि पाऊस कुठेही गाठतो. नाताळ ते मार्च या दिवसांत दक्षिण किनारा आणि चहाचे डोंगर उत्तम. आम्हाला हत्तींचा मेळा बघायचा होता, म्हणून पंधरा ऑगस्टला जोडून रजा काढली. त्याची किंमत डोंगरात धुक्याच्या रूपाने मोजली, ते पुढे येईलच. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये, तिथीप्रमाणे, कँडीला एसला पेराहेरा ही दंतमंदिराची, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या देवळाची, मिरवणूक असते आणि हॉटेलांचे दर कडाडतात. आम्ही कँडीत चहा पिऊन पुढे निघालो.

बिबट्या दिसला का?

शेपटी दिसली.

'याला' नावाचं हे १९३८ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. त्याचा पहिला विभाग सुमारे १४१ चौरस किलोमीटरचा. बिबटे इतके दाट असलेली जागा जगात क्वचितच सापडते, आणि हे सगळ्यांना माहीत आहे हीच अडचण. पहाटे साडेपाचलाच फाटकाबाहेर जीपची रांग लागलेली होती. सहाला आत सोडलं. अर्ध्या तासात आमच्या चालकाचा फोन वाजला आणि जीप एकदम उधळली. कुठेतरी बिबट्या असल्याचा निरोप फिरला की सगळ्या जीप एकाच वाटेला धावतात. मी मोजल्या, सव्वीस होत्या. धूळ, डिझेलचा वास आणि प्रत्येक जीपमध्ये टाचा उंचावून उभी असलेली माणसं. ठाणे स्टेशनाबाहेरच्या रिक्षा आठवल्या. पालूच्या एका आडव्या फांदीवरून शेपटी लोंबत होती. (पालू म्हणजे आपलं रांजणाचं झाड, कुणी खिरणी म्हणतात.) शेपटी दोनदा हलली. पुढच्या जीपमधल्या कुणाची तरी टोपी मध्ये आली, आणि ती बाजूला झाली तोवर फांदी रिकामी.

दुपारच्या फेरीला आम्ही चालकाला, म्हणजे अय्याला, विनंती केली की फोन आला तरी धावायचं नाही. (सिंहलीत मोठ्या भावाला अय्या म्हणतात आणि चालकालाही तशीच हाक मारली की तो खूश असतो.) "मग काही दिसलं नाही तर मला बोलायचं नाही," असं त्याने आधी कबूल करून घेतलं. एका पाणवठ्याशी इंजिन बंद करून पाऊण तास बसलो. चितळं आली. एक पाणी पिणार आणि बाकीची मान वर करून उभी, मग पाळी बदलणार. पलीकडे एक मगर तोंड उघडं टाकून पडलेली होती, तिच्यापासून चार हातांवर चित्रबलाक करकोचे मासे शोधत होते आणि कुणाला कुणाचं काही नव्हतं. रानडुकरं चिखलात लोळून गेली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या चाळीतला नळ आठवला गं. अशीच पाळी असायची." अख्ख्या सहलीतला माझा सगळ्यात आवडता वेळ हाच.

पहिला विभाग बहुतेक वर्षी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोरड्या दिवसांमुळे बंद असतो, त्या बेताने तारखा ठरवा. गर्दी नकोच असेल तर वायव्येला विल्पत्तू आहे, देशातलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान. तिथे 'विल्लू' नावाची नैसर्गिक तळी आहेत. पुढच्या वेळी आम्ही तिकडे.

बिबटे तर जुन्नरच्या उसातही आहेत. त्यासाठी लंकेला कशाला जायचं?

भावोजींचा प्रश्न. बोचरा आहे, पण रास्त. आपल्याकडे बिबट्या दुय्यम असतो. जिथे वाघ आहे तिथे त्याच्या वाटेतून बाजूला होतो, जिथे नाही तिथे उसात दडून गावाच्या कडेने रात्रीचा फिरतो. लंकेत वाघ नाही, रानकुत्री नाहीत, तरस नाही, लांडगाही नाही. सिंह राष्ट्रध्वजावर आहे, जंगलात एकही नाही. त्यामुळे 'कोटिया', म्हणजे बिबट्या, हाच तिथला राजा, आणि तो दिवसाढवळ्या रस्त्याच्या मधोमध बसतो अशी ख्याती आहे. आमच्या वाट्याला शेपटी आली याला त्याचा इलाज नाही.

हत्ती किती दिसले?

एका संध्याकाळी सत्तरपर्यंत मोजले, मग पिल्लं आयांच्या पोटाखाली ये-जा करू लागली आणि हिशोब चुकला.

मिन्नेरिया हे एक तळं आहे, तिथल्या भाषेत 'वेवा'. महासेन राजाने ते तिसऱ्या शतकात शेतीसाठी बांधलं. म्हणजे पैठणला सातवाहनांचं राज्य मावळल्यानंतरचा काळ. या राजाला तिथले शेतकरी आजही मिन्नेरीचा देव म्हणून पुजतात. उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये, तळ्याचं पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं. आजूबाजूचं रान तेव्हा वाळून गेलेलं असतं, म्हणून लांबलांबचे कळप दुपारनंतर या गवतावर उतरतात. चांगल्या वर्षी तीनशेच्या घरात जमतात असं सांगतात. हत्ती गवताचा झुबका सोंडेने उपटतो, पुढच्या पायावर आपटून माती झाडतो आणि मग तोंडात घालतो. शंभर पावलांवरून तो फटफट आवाज ऐकू येतो. कोथिंबिरीची जुडी धुण्याआधी आपण झटकतो ना, अगदी तसं.

हे बघताना माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता. आम्ही ज्याला निसर्ग म्हणून नाक वर करून बघत होतो तो राजाने खणून घेतलेला आहे. कोरड्या पट्ट्यात अशी हजारो तळी आहेत, एकातून ओसंडलेलं पाणी खालच्या दुसऱ्यात जाईल अशा माळा करून बांधलेली. भात त्यांच्यावर पिकतो, आणि हत्ती, पेलिकन, मगरीही त्यांच्यावरच जगतात. भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. बांध माणसाने घातला आणि बगळे, बदकं, सारस आपसूक आले.

आता अडचणीचं. मोरगहकंद धरण झाल्यापासून कोरड्या दिवसांतही वरून मिन्नेरियात पाणी सोडलं जातं. तळं भरलं की गवत बुडतं आणि हत्ती पांगतात. म्हणून सफारी आधीच ठरवून टाकू नका. आदल्या दिवशी जीपवाल्यांना विचारा, ते मिन्नेरिया, शेजारचं कावुडुल्ला किंवा हुरुलु यांपैकी हत्ती जिथे असतील तिथे नेतात.

फोटोत एकालाही सुळे कसे नाहीत? सगळ्या हत्तिणी का?

नाही, त्यात नरही आहेत. लंकेतल्या शंभर नरांपैकी फार तर सात-आठांनाच सुळे असतात. सिंहलीत त्यासाठी शब्दही दोन: साधा हत्ती 'अलिया' आणि सुळेवाला 'एता'. दुसरा आपल्या 'हत्ती'चाच चुलत भाऊ.

हत्तींना आंघोळ घालता येते, केळी भरवता येतात, तिथे गेलात का?

नाही, आणि जाऊ नका असंच सांगेन. आम्ही उडवलवेला गेलो. तिथे १९९५ पासून वन्यजीव खात्याचं अनाथ पिल्लांचं केंद्र आहे. दर तीन तासांनी दूध पाजतात, आपण लांबच्या ओट्यावरून बघायचं आणि हात लावायचा नाही. मोठी झालेली पिल्लं जंगलात सोडतात; आजवर शंभराहून जास्त सोडली आहेत. दुधाची वेळ झाली की ती ज्या घाईने पळत येतात, शाळा सुटल्यासारखी, ते बघून सासूबाईंना हसू आवरेना.

तिथून जवळच रस्त्याच्या कडेला, विजेच्या कुंपणापलीकडे, काही हत्ती रोज उभे असतात, कारण गाडीवाले त्यांना कलिंगडं आणि केळी देतात. फळवाल्यांच्या टपऱ्याही तिथेच. लेकीने केळी घ्यायला खिडकी खाली केली तशी अय्याने गाडी पुढे काढली. अलीकडच्या वर्षांत लंकेत माणूस आणि हत्ती यांच्या झगड्यात दरवर्षी काहीशे हत्ती आणि शंभरावर माणसं मरताहेत. गाडी दिसली की खाऊ मिळतो हे शिकलेला हत्ती पुढे काय करेल, हे त्याने आम्हाला एका वाक्यात सांगितलं: "आज केळं, उद्या खिडकी."

ती निळी ट्रेन? फोटोतल्यासारखी असते का?

असते, फक्त दारात लटकून फोटो काढणाऱ्यांची रांग फोटोत येत नाही. आम्ही नानुओयाहून एल्लापर्यंत, साधारण तीन तास, बसलो. वाटेत पट्टीपोला लागतं, १,८९१ मीटरवरचं, देशातलं सर्वांत उंच स्टेशन. एल्लाच्या पुढे १९२१ चा नऊ कमानींचा पूल आहे, लोखंड न वापरता बांधलेला. त्याच्याही पुढे डेमोदराला रूळ डोंगराला वळसा घालून त्याच स्टेशनाच्या पोटाखालून बाहेर पडतात. पावसात दरडी आल्या की हा मार्ग बंद पडतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

बाकी वेळ खिडकीतून चहा, चहा आणि चहा. हिरवा गालिचा वगैरे मी म्हणणार नाही. हे डोंगर मुळात घनदाट जंगलाचे. इंग्रजांनी ते कॉफीसाठी तोडले, १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि मळे बसले. जेम्स टेलर नावाच्या मळेवाल्याने १८६७ मध्येच लूलेकोंडेराला चहा लावून पाहिला होता, तो मग सगळीकडे पसरला. मळ्यांवर राबायला तमिळ मुलखातून माणसं आणली. त्यांच्याच नाती-पणती आज तो चहा खुडतात. उतारावर जी लांबट, एका छपराखालची घरं दिसतात ती त्यांची. आपण ट्रेनमधून 'किती सुंदर' म्हणतो ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे, एवढं कॅमेरा रोखताना ध्यानात असावं.

'वर्ल्ड्स एंड'वरून काय दिसलं?

पांढरं.

हॉर्टन प्लेन्स हे २,१०० मीटरच्याही वरचं पठार. आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ पाचशे मीटर उंच. तिथे जीपमधून उतरून पायी फिरता येतं, सुमारे नऊ किलोमीटरचा फेरा आहे. त्याच्या टोकाला पठार एकाएकी संपतं आणि कडा जवळपास ८८० मीटर खाली जातो. डिसेंबर ते मार्च, सकाळी नवाच्या आत पोचलात तर खालची गावं आणि दूरचा समुद्रसुद्धा दिसतो म्हणे. आम्ही ऑगस्टमध्ये साडेसातला कठड्याशी उभे होतो आणि दरीतून धुकं तोंडावर येत होतं. कोकणकड्यावर पावसाळ्यात उभं राहिलेल्यांना नवल नाही. आम्ही चिवडा खाल्ला आणि परत फिरलो.

आणि परतीची वाट मात्र अप्रतिम होती. बुटकी, वाकडी झाडं, फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं शेवाळ, गवतात गुडघाभर धुक्यात उभं एक सांबर. चिवड्याची पुडी कागदाची होती हे नशीब. फाटकाशी पिशव्या उघडून प्लास्टिक काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवरचं वेष्टनसुद्धा सोलतात. लोणावळ्याला हे कधी होईल?

जळवांचं काय?

आहेत. सिंहराजाच्या जंगलात जाणार असाल तर लागणारच. गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे तिथेच मिळतात. जळू लागली तर दुखत नाही, फक्त सुटल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं नाही. मला तीन लागल्या. नवऱ्याला एकही नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली.

सिंहराजा हे १९८८ पासून जागतिक वारसा यादीतलं सदाहरित जंगल. 'याला' आणि मिन्नेरियासारखं इथे मोकळं काही दिसत नाही. अर्धा तास नुसती हिरवी भिंत आणि थेंब गळण्याचा आवाज. आणि मग एकदम पाखरांची वरात येते. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र निघतात: पुढे सातभाईंचा नारिंगी चोचीचा भाऊबंद कलकलत, सोबत कोतवाल, मागे आणखी कितीतरी. खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत सगळं झाड पाच मिनिटं हलतं. त्यातच चांगला मोठा, निळा, तांबूस डोक्याचा, लाल चोचीचा लंकेचा मॅगपाय दिसला. जगात फक्त लंकेत आहे तो. दुर्बीण नेली नसती तर हळहळले असते. तुम्ही कॅमेऱ्याच्या आधी दुर्बीण घ्या.

आपल्या सह्याद्रीत नाही असं काय आहे तिथे?

गंमत अशी की मला उलटंच जास्त जाणवलं. पश्चिम घाट आणि श्रीलंका हा जैवविविधतेचा एकच प्रदेश मानतात, त्यामुळे सगळं ओळखीचं दिसतं आणि नीट बघितलं की वेगळं निघतं. शेकरू आहे, पण आपल्यासारखा तांबूस नाही, ओल्या जंगलात काळा-पिवळा. रानकोंबडा आहे, आपला राखी, तर त्यांचा केशरी अंगाचा आणि तांबड्या तुऱ्यात पिवळा ठिपका असलेला. तो तर राष्ट्रीय पक्षी. घोरपड आहे, शिवाय तिच्यापेक्षा दांडगी पाणघोरपडही, जी गटाराच्या कडेने निवांत चालते आणि पहिल्यांदा मगरच वाटते.

झाडांतही तेच. माझं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे भेरली माड बघून मी ओरडलेच. आपण लग्नाच्या मांडवाला त्याच्या झावळ्या लावतो. तिथे तो 'कितुल': त्याचा रस आटवून काकवीसारखा पाक करतात आणि मडक्यातल्या म्हशीच्या दह्यावर ओततात. आमटीत कोकमाऐवजी 'गोरका', कोकमाचाच सख्खा भाऊ. फणसाच्या कुयरीची भाजी घरोघरी. परदेशात आल्यासारखं वाटतच नव्हतं, एखाद्या लांबच्या मावशीकडे आल्यासारखं वाटत होतं.

देवमासे?

नाही. मिरिस्साहून नोव्हेंबर ते एप्रिल, आम्ही ऑगस्टमध्ये. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो, म्हणून निळा देवमासा होडीच्या टप्प्यात असतो. उन्हाळ्यात पूर्वेला त्रिंकोमालीहून दिसतात, पण तिकडे जाण्याइतके दिवस नव्हते.

अशोकवन पाहिलं का?

सासूबाईंच्या भजनी मंडळाचा प्रश्न. पाहिलं. नुवारा एलियाजवळ सीता एलियाला ओढ्याकाठी सीतामाईचं देऊळ आहे, आणि खडकातले खळगे हनुमंताची पावलं म्हणून दाखवतात. जवळची हक्गलाची बाग हीच अशोकवाटिका असं तिथले लोक मानतात. ती बाग १८६१ मध्ये सिंकोना (क्विनाइन ज्याच्या सालीतून काढतात ते झाड) लावून पाहण्यासाठी सुरू झाली, हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. तिथे माकडं भरपूर आहेत, त्यामुळे त्यांची पूर्ण खात्री पटली.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

भात, वरण, चार भाज्या, ओल्या खोबऱ्याचं सांबोल, होतं छान. फक्त 'उंबलकड' विचारा. वाळवलेल्या माशाचा हा चुरा सांबोलात, कधी वरणाच्या फोडणीतही असतो, आणि तो घालूनही लोक पदार्थाला शाकाहारीच म्हणतात. "मालु एपा, मस एपा" म्हणजे मासा नको, मांस नको. सासूबाईंनी हे पहिल्या दिवशी पाठ केलं.

वयस्कर माणसांना झेपेल?

झेपतं, पण निवडून. सिगिरिया या जुन्या खडकावरच्या किल्ल्याच्या पायऱ्या बाराशेच्या आसपास, तिथे सासूबाई खालच्या जलउद्यानात बसल्या. ती कारंजी पंधराशे वर्षांपूर्वीची आणि पावसाळ्यात अजूनही उडतात, म्हणजे त्यांचं काही बुडालं नाही. हॉर्टन प्लेन्सला त्या आल्या नाहीत. जीप मात्र कंबर मोडते, पट्टा आणि उशी न्या. डोंगरात शंभर किलोमीटरला तीन तास धरा आणि दोन मुक्काम कमी करा. आम्ही सहा केले, चार पुरले असते.

खर्च?

दर सारखे बदलतात म्हणून आकडा देत नाही. उद्यानाचं तिकीट आणि जीप यांचे पैसे वेगवेगळे असतात, हे आधी विचारून घ्या. सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी कमी दर असतो, पासपोर्ट जवळ ठेवा. आमच्याकडून एका ठिकाणी पूर्ण दर घेतला, कारण पासपोर्ट हॉटेलात होते.

बिबट्याचा फोटो पाठव ना.

पाठवलाय, ग्रुपवर बघा. डावीकडे वर, आडव्या फांदीखाली, टोपीच्या उजव्या बाजूला. मोठा करून बघा. ती वेल नाही.